आमदार, मुक्काम आयोवा

भोकरदन तालुक्यात राजकारणी माणसाचं चरित्र लिहायला घेतलं की प्रकरणं आधीच ठरलेली असतात. गावकी, ग्रामपंचायत, पंचायत समिती, आमदारकी, आणि नशिबानं साथ दिली तर दिल्ली. रावसाहेब दानवे याच वाटेनं गेले. पंचायत समितीच्या राजकारणातून वर येऊन १९९० मध्ये भोकरदनचे आमदार झाले, १९९९ पासून सलग पाच वेळा जालन्याचे खासदार झाले, केंद्रात राज्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये कल्याण काळे यांच्याकडून हरले. त्यांच्याही आधी पुंडलिक हरी दानवे १९७७ आणि १९८९ मध्ये जालन्याचे खासदार होते. आमच्या धावडा गावात चहाच्या हॉटेलात बसलं की हा सगळा इतिहास कोण कोणाच्या गटात कधी गेलं, इथपर्यंतच्या तपशिलानं ऐकायला मिळतो. पण अमेरिकेचं राजकारण निघालं की तीच माणसं ओबामा आणि ट्रम्प या दोन नावांवर थांबतात. तिकडेही पन्नास राज्यं आहेत, त्यांची विधिमंडळं आहेत, आणि शाळांचा निधी, रस्ते, वीजदर यांवरून भांडणारे सात हजारांवर आमदार तिथे आहेत, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही. ज्या पुस्तकाबद्दल मी इथे लिहितो आहे, ते छोटं चरित्र त्यांतल्याच एका बाईंचं आहे.

स्वाती दांडेकर मूळच्या नागपूरच्या, जन्म १९५१ चा. नागपूर विद्यापीठाची विज्ञानाची पदवी, मुंबईत आहारशास्त्राचं शिक्षण, लग्न, आणि सत्तरच्या दशकात अमेरिका. एवढी गोष्ट हजारो मराठी घरांत घडलेली आहे आणि तेवढ्यासाठी कोणी पुस्तक लिहीत नाही. या पुस्तकाचं कारण घडलं १९९६ मध्ये, आयोवा राज्यातल्या मॅरियन या गावी. त्या वर्षी दांडेकर तिथल्या लिन-मार शाळा मंडळावर निवडून आल्या.

आयोवा कसं आहे ते आधी सांगितलं पाहिजे, कारण धावड्याच्या वाचकाला ते वाटतं तितकं परकं नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं. लोकसंख्या मात्र तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या फार तर दीडपट. पीक मका आणि सोयाबीन. अमेरिकेत मक्याच्या उत्पादनात हे राज्य पहिल्या क्रमांकावर असतं. मका मोंढ्यावर नेऊन ओलावा किती निघतो या धास्तीत उभं राहिलेल्या माणसाला आयोवाच्या शेतकऱ्याची चिंता वेगळी समजावून द्यायला नको. विधानसभेत १०० सदस्य, वरच्या सभागृहात ५०. म्हणजे दांडेकर निवडून आल्या तेव्हा एका आमदाराच्या वाट्याला तीस हजारांच्या आतबाहेर माणसं येत होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीचा जिल्हा परिषदेचा गट असतो. भोकरदन विधानसभेत तीन लाखांच्या घरात नुसते मतदार आहेत. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचं बरंच काही चुकीचं समजेल. तिकडचा उमेदवार खरोखर दारोदार फिरू शकतो. अधिवेशन जानेवारीत सुरू होऊन वसंत ऋतूत संपतं, वर्षाचं मानधन पंचवीस हजार डॉलरच्या आसपास, त्यामुळे आमदार उरलेले महिने शेती, वकिली, शिक्षकी असं आपापलं काम करत असतात. गाड्यांचा ताफा आणि सोबत बंदूकधारी अंगरक्षक, असलं चित्र डोळ्यांसमोरून काढूनच हे पुस्तक वाचायला हवं.

आता शाळा मंडळ. हे नाव ऐकून आपल्याला शाळा व्यवस्थापन समिती आठवेल. शिक्षण हक्क कायद्यानं ती सरकारी आणि अनुदानित शाळांत आणली, पालकांना बहुमत दिलं, आणि अनेक गावांत तिचं काम खिचडीच्या तांदळावर आणि ठरावावरच्या सह्यांवर येऊन थांबलं. आयोवाचं शाळा मंडळ त्याहून वेगळ्या वजनाचं असतं. ते मतदारांनी निवडलेलं असतं, पक्षाच्या चिन्हाविना. सदस्यांना पगार नसतो. पण शाळांचा मुख्य अधिकारी नेमायचा की काढायचा, अंदाजपत्रक कसं मांडायचं, नवी इमारत बांधायची का, त्यासाठी घरपट्टीसारखा जो कर लोक भरतात त्याचा भार किती वाढवायचा, हे सगळं त्या मंडळाच्या टेबलावर ठरतं. बैठक उघडी असते. कर वाढला म्हणून चिडलेला म्हातारा शेतकरी येतो, आपल्या मुलाची बस बंद झाली म्हणून आई येते, दोघांनाही ध्वनिक्षेपकासमोर ठरावीक मिनिटं मिळतात आणि मंडळाला ते ऐकून घ्यावंच लागतं. आपल्याकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि नंतर प्रोसिडिंगचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक कुठे आहे ते लगेच कळेल. तिकडची माणसं जात्याच अधिक नागरिक वृत्तीची असतात असं मी मानत नाही. त्या टेबलावर खरा पैसा आणि खरा निर्णय असतो म्हणून लोक येतात. आपल्या ग्रामसभेसमोरही गावाच्या करातला भरीव पैसा खर्च करण्याचा निर्णय ठेवला, तर रजिस्टर घेऊन कोणाला फिरावं लागणार नाही.

या मंडळावर दांडेकर सहा वर्षं होत्या. माझ्या दृष्टीनं पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि पुढच्या मोठ्या पदांच्या झगमगाटात वाचक नेमका हाच भाग भरभर उलटून पुढे जाईल अशी मला भीती आहे. या काळात त्यांचं नाव परिसरातल्या पालकांच्या तोंडी बसलं. उच्चारायला अवघड असलेलं नाव लोकांना सवयीचं करायला सहा वर्षांची बिनपगारी कामगिरी लागली, असंही म्हणता येईल.

२००२ मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीनं विधानसभेला उभ्या राहिल्या. इथे आपल्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल: तिकीट कोणी दिलं? कोणीच नाही. आयोवात विधानसभेच्या उमेदवाराला मतदारांच्या पन्नास सह्यांचा अर्ज भरावा लागायचा. एकाच पक्षाचे दोघे असले तर जूनमध्ये पक्षाचे मतदारच मतदान करून त्यांतला एक निवडतात. मुंबईला किंवा दिल्लीला जाऊन बंगल्याबाहेर रात्र काढायची नाही, एबी फॉर्म शेवटच्या तासाला दुसऱ्याच्याच खिशातून निघण्याची धास्ती नाही. मतदारसंघाच्या हद्दीसुद्धा विधिमंडळाचे बिगरराजकीय कर्मचारी आखतात, आणि त्या आखताना विद्यमान आमदार कुठे राहतो किंवा कुठे कोणत्या पक्षाचे मतदार आहेत हे पाहायची कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे गटाच्या आरक्षणाची चिठ्ठी शाळेतल्या एखाद्या पोराच्या हातून काढतात आणि सभागृहाबाहेर पाच वर्षं तयारी केलेल्या इच्छुकाचा चेहरा उतरतो. तिकडच्या इच्छुकालाही नकाशा फसवतो, पण निदान चिठ्ठी फसवत नाही.

त्या निवडणुकीत दांडेकर यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाच्या कॅरन बाल्डरस्टन होत्या. त्यांनी लिहिलेला एक ई-मेल प्रचारात बाहेर आला. भारतात वाढलेली बाई आपल्या मध्य-पश्चिमी मूल्यांचं प्रतिनिधित्व कसं करणार, तिला आपल्या राज्यघटनेतल्या हक्कांची काय जाण असणार, असा त्याचा सूर होता. बातमी अमेरिकेच्या बाहेरही गेली. दांडेकर जिंकल्या. भारतीय वृत्तपत्रांनी हा वर्णद्वेषाचा पराभव म्हणून साजरा केला, आणि ते खोटं नाही. पण मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. त्या मतदारसंघात गोरे लोक नव्वद टक्क्यांहून अधिक. भारतीय वंशाची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. म्हणजे दांडेकर यांच्या मागे स्वतःच्या समाजाची म्हणावी अशी मतं जवळजवळ नव्हतीच. मराठा आरक्षण आंदोलनाची अंतरवाली सराटी ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या वाचकानं हे वाक्य दोनदा वाचावं. इथे उमेदवाराचं नाव जाहीर होण्याआधी त्याच्या जातीची मतं, विरोधातल्या जातीची मतं आणि फुटणारी मतं यांचं गणित कागदावर तयार असतं. दांडेकर यांच्या कागदावर पहिलाच रकाना रिकामा होता, आणि तो भरायला शाळा मंडळाच्या सहा वर्षांशिवाय दुसरं काही नव्हतं. प्रतिस्पर्धी बाईंनी 'बाहेरची' म्हणून बोट दाखवलं, तेव्हा मॅरियनच्या मतदाराला आठवली ती त्याच्या मुलांच्या शाळेच्या बैठकीत बसणारी बाई.

त्यांना 'पहिल्या भारतीय महिला आमदार' म्हणण्याची पद्धत पडली आहे. हा मान खरं तर निर्मला मॅकॉनिग्ली यांचा. मद्रासमध्ये जन्मलेल्या या बाई १९९४ मध्येच वायोमिंगच्या विधानसभेवर निवडून आल्या होत्या. आणि स्त्री-पुरुष भेद बाजूला ठेवला तर भारतीय वंशाचा पहिला आमदार मराठी नावाचाच निघतो. कुमार बर्वे १९९० मध्ये मेरीलँडच्या विधानसभेवर निवडून गेले आणि २०२३ च्या जानेवारीपर्यंत तिथेच राहिले; त्यांतली बारा वर्षं ते बहुमतातल्या पक्षाचे सभागृह नेते होते. बत्तीस वर्षं एकाच विधानसभेत काढणारा हा गृहस्थ महाराष्ट्रात जवळजवळ कोणाला माहीत नाही. अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, निवडणूक त्यांनी २०१६ मध्ये लढवली आणि प्राथमिक फेरीतच हरले, म्हणजे दिल्ली काही जमली नाही. राज्याच्या राजकारणात मुरलेल्या माणसाची उपेक्षा करायची सवय आपल्यालाही आहे. बर्वे यांच्यावर कोणी तरी मराठीत स्वतंत्र लिहावं.

दांडेकर यांच्या वाटेचं मोल कळायला तिसऱ्या एका मराठी माणसाशेजारी त्यांना उभं करून पाहावं. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि प्रयोगशाळांच्या धंद्यात कमावलं, गमावलं, पुन्हा कमावलं. त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्याकडे पुष्कळांनी वाचलेलं असेल. त्यांनी राजकारणात पहिली उडी मारली ती थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी, २०१८ मध्ये. सरपंचपद नाही, शाळा मंडळ नाही. स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्च करून, दूरचित्रवाणीवर आपलं नाव कसं उच्चारायचं याच्या विनोदी जाहिराती देऊन. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. दोन लाखांवर मतं मात्र मिळाली. मग ते अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला आले, २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेवर गेले, आणि पहिलीच मुदत संपत असताना २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या डेट्रॉइटला १९५५ पासून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता; ठाणेदारांच्या विजयानं ती परंपरा तुटली, आणि ती खंत तिथे अजून बोलून दाखवली जाते. खासदार झाल्यावर सरकारी निधीतून लावलेल्या फलकांवरून त्यांच्यावर टीका झाली. बसस्टँडवर, पुलावर, विजेच्या खांबावर वाढदिवसाचे फ्लेक्स पाहत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तिकीट वाटणारे श्रेष्ठी नसले म्हणजे दार सगळ्यांना सारखं उघडतं, हा समज ठाणेदारांच्या गोष्टीनं दुरुस्त होतो. श्रेष्ठींची जागा पैसाही घेऊ शकतो. दांडेकर यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता; त्यांच्याजवळ जी ओळख होती ती त्यांनी खालच्या पायरीवर थांबून मिळवलेली होती.

विधानसभेतली दांडेकर यांची पहिली चार वर्षं विरोधी बाकांवर गेली, २००६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट बहुमतात आले. २००८ मध्ये त्या वरच्या सभागृहावर निवडून आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या सीडर रॅपिड्स शहरात नदीचं पाणी शिरून प्रचंड नुकसान झालं होतं. या काळाबद्दल पुस्तकात जे आहे ते पुरेसं आहे. मी सरळ २०११ वर येतो, कारण लेखकाचं आणि माझं तिथे पटत नाही.

२०११ मध्ये आयोवाच्या वरच्या सभागृहात डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते. विधानसभा रिपब्लिकनांकडे, गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड रिपब्लिकन. समलिंगी विवाहाला आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मान्यता दिली होती आणि ती उलटवायला घटनादुरुस्ती आणण्याचा रिपब्लिकनांचा आटापिटा चालला होता. ती अडली होती फक्त वरच्या सभागृहात, या दोन जागांच्या आघाडीवर. अशा वेळी सप्टेंबरमध्ये गव्हर्नरांनी दांडेकर यांना राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर नेमलं आणि त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. हे बोर्ड म्हणजे साधारण आपला वीज नियामक आयोग: तीन सदस्य, वीज-गॅसचे दर ठरवणार. एकाच पक्षाचे दोनांहून अधिक सदस्य तिथे नकोत असा नियम आहे, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा माणूस घेणं हे गव्हर्नरच्या औदार्याचं लक्षण मानायचं कारण नाही. पण घेतला तो माणूस कोणता? ज्याची जागा रिकामी झाली तर सभागृह २५-२५ होऊ शकतं, तो.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. एखाद्याला महामंडळ देऊन गप्प करायचं, एखाद्याचा राजीनामा घेऊन आकडा खाली आणायचा, हे आपण पाहत आलोत. आपल्याकडे निदान नाटकाला मुंबईबाहेरचं हॉटेल आणि खास विमान लागतं. आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये, ते एका साध्या सरकारी नेमणुकीवर भागलं. त्या जागेची पोटनिवडणूक ८ नोव्हेंबर २०११ ला झाली. राज्याबाहेरच्या संघटना उतरल्या, पैसा आला. डेमोक्रॅटिक पक्षानं दूरचित्रवाणीवरून घराघरांत ओळखीच्या असलेल्या लिझ मॅथिस यांना उभं केलं, त्या जिंकल्या, बहुमत राहिलं.

चरित्रकार म्हणतो, दांडेकर यांनी राज्याची सेवा दुसऱ्या मार्गानं करायचं ठरवलं, यात गैर काय? बोर्डावरचं काम महत्त्वाचं होतं हे मला मान्य. पण ज्या बाईंना मतदारांनी चार वर्षांसाठी पाठवलं, त्यांनी अडीच-तीन वर्षांतच, पक्षाचं आणि हजारो जोडप्यांच्या लग्नाचं भवितव्य टांगणीला असताना, विरोधी गव्हर्नरच्या हातून नेमणूक घ्यावी, हे मला खटकतं. मॅथिस हरल्या असत्या तर आज या पुस्तकाचा सूर वेगळा असता. निकाल बरा लागला म्हणून निर्णय बरा ठरत नाही.

२०१३ मध्ये त्यांनी बोर्ड सोडलं आणि २०१४ साठी काँग्रेसच्या जागेची तयारी केली. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत पाच जण होते. विधानसभेचे माजी अध्यक्ष पॅट मर्फी जिंकले, दांडेकर हरल्या. (मर्फी पुढे रिपब्लिकन रॉड ब्लम यांच्याकडून हरले.) पराभवाची कारणं चरित्रकारानं बरीच दिली आहेत, २०११ चा राजीनामा पक्षातल्या कार्यकर्त्यांच्या मनातून गेलेला नव्हता, हे कारण मी त्या यादीत सगळ्यात वर टाकलं असतं. कार्यकर्ता निवडणुकीत चहा-वड्यावर राबतो, पण हिशेब विसरत नाही, आणि हे मिशिगन-आयोवापासून भोकरदनपर्यंत सारखंच आहे. त्यानंतर अध्यक्ष ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून नेमलं. २०१६ मध्ये सेनेटनं शिक्कामोर्तब केलं आणि त्या मनिलाला गेल्या. याच बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांचीही कामं झालेली आहेत.

एक विनंती. 'सातासमुद्रापार मराठी झेंडा' या थाटात हे पुस्तक वाचू नये. तसं वाचलं तर नागपूर, मनिला आणि मधला एक वर्णद्वेषी ई-मेल एवढंच हाती लागेल. दांडेकर राजकारणी आहेत. त्यांची हिशेबी बुद्धी, त्यांची चिकाटी, त्यांची चूक हे सगळं राजकारण्याचं म्हणून तोलावं, जसं आपण आपल्या आमदाराचं तोलतो. ज्या बायका येत्या निवडणुकीत आरक्षणामुळे उभ्या राहणार आहेत आणि ज्यांचा कारभार घरातला पुरुष बघणार असं गावानं आधीच धरून ठेवलंय, त्यांनी शाळा मंडळाचं प्रकरण सावकाश वाचावं: अंदाजपत्रकाची बैठक कशी चालते, कर वाढवताना चिडलेल्या माणसाला समोरासमोर काय उत्तर द्यायचं, हे तिथे तपशिलात आहे. ज्यांना निवडणुकीच्या डावपेचांतच रस आहे त्यांनी २०११ चं प्रकरण आधी काढलं तरी चालेल, आणि चरित्रकाराची बाजू बरोबर की माझी, ते आपापसांत भांडून ठरवावं.

धावडा, ता. भोकरदन, जि. जालना